सतरा इंची अलॉय बसवले आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा मागं लागला

हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक, कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं टायरचं दुकान, जिथं मी गाडीचे १६ चे रिम काढून १७ इंची अलॉय बसवले. आणि दुसरी, ऑनलाइन मागवलेली टायर प्रेशरची किट, म्हणजे वॉलच्या (टायरची हवा भरायची नळी) टोपणाच्या जागी बसणारे चार सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायची एक छोटी डबी. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण पुढं त्यांची एक चूक सांगायची आहे आणि पोरं कामाला खरंच चांगली आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. किटचंही नाव नाही, असल्या किट पन्नास नावांनी मिळतात आणि दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी.

मी गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, मधलं व्हेरियंट, कंपनीकडून २१५/६० आर १६ टायर, लोखंडी रिम आणि वर प्लास्टिकची कव्हरं. त्यातलं एक कव्हर गगनबावड्याच्या रस्त्यावर कुठल्यातरी खड्ड्याला अर्पण झालं, टायर ४२ हजार किलोमीटरला टेकले होते, म्हटलं टायर बदलायचेच आहेत तर आता अलॉयच घालू. हिचं म्हणणं, एवढ्या पैशात किचनच्या ट्रॉल्या होतात. मी म्हटलं ट्रॉल्यांवर बसून पन्हाळ्याला जाता येत नाही. त्यावर दोन दिवस घरात शांतता होती, असो.

साइझचा विषय आधी सांगतो कारण सगळा घोळ इथनं सुरू होतो. लोक १७ इंची, १८ इंची असं रिमचं माप बोलतात पण बघायची असते पूर्ण चाकाची उंची. हिशोब शाळेतला आहे, टायरची रुंदी गुणिले तो मधला टक्का, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. माझ्या जुन्या टायरचं येतं ६६४.४ मिलिमीटर. २१५/५५ आर १७ चं येतं ६६८.३. म्हणजे रिम एक इंचानं वाढला तरी चाक जेमतेम चार मिलिमीटरनं वाढलं, ०.६ टक्का, स्पीडोमीटरला त्याचं काही सोयरसुतक नाही. शिवाय माझ्याच मॉडेलच्या टॉप व्हेरियंटला कंपनीतूनच हे टायर येतात, त्यामुळं इन्शुरन्सवाल्यानं उद्या बोट दाखवायचा प्रश्न नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाणारे फेरफार गाडीत चालणार नाहीत, त्यामुळं साइझ निवडताना आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला काय येतं ते बघून त्याच्यापुढं जाऊ नये असं माझं मत.

आमच्या इचलकरंजीच्या मेव्हण्यानं हे मत ऐकलं नाही. त्याच्या गाडीला १९५/६० आर १६ होते, त्यानं डायरेक्ट २२५/६० आर १७ घातले, दिसतंय लय भारी, एकदम रांगडं. पण चाक ६४० मिलिमीटरवरून ७०२ वर गेलं, साडेनऊ टक्क्यांच्या वर. आता त्याचा काटा शंभर दाखवतो तेव्हा तोच काटा जुन्या चाकांवर एकशेनऊ-दहा दाखवला असता, आणि स्टिअरिंग पूर्ण तोडलं की आतल्या प्लास्टिकला टायर घासून असा आवाज येतो की रस्त्यावरची कुत्री उठतात. गंमत म्हणजे त्याच्या गाडीतला टायर प्रेशरचा दिवा एकदम गप्प आहे! का, ते पुढं येईलच.

तर दुकान. सकाळी साडेदहाला गाडी लावली, मालक स्वतः हजर. रिम घ्यायच्या आधी त्यानं पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधलं भोक हे तिन्ही मापून घेतलं. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक वेळा गाडीच्या हबपेक्षा (ज्याच्यावर चाक बसतं तो भाग) मोठं असतं, मधे रिंग बसवली नाही तर नव्वदच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं आणि मग लोक पाच वेळा बॅलन्सिंग करत बसतात. या माणसानं न सांगता चारही रिंगा बसवल्या. नट आधी हातानं लावले, नंतर गननं, आणि शेवटचा हात टॉर्क रेंचनं, म्हणजे नट ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं. कोल्हापुरात टायरच्या दुकानात टॉर्क रेंच बघून माझ्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. लोखंडी रिमचे जुने नट पिशवीत घालून डिकीत टाकले, म्हणाला स्टेपनी अजून लोखंडीच आहे, तिला हेच लागणार, टाकून देऊ नका. ही गोष्ट शंभरातला एक दुकानदार सांगतो. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, दोन कटिंग चहा, सगळं दीडला तयार. इथपर्यंत पाचपैकी पाच.

निघताना फिटिंगच्या पोरानं आत बसून स्क्रीनवर टायर प्रेशरचं सेट बटण दाबलं. "सायेब, सेट करून दिलंय बघा, आता काय टेन्शन न्हाई."

टेन्शन तिथनंच चालू झालं.

गाडी घेऊन घरी आलो, दोन दिवस कंपनीत ये-जा केली, कागलच्या बाजूला हायवेला एक फेरी मारली, गाडी एका बाजूला अगदी किंचित ओढतीय असं वाटत होतं, म्हटलं नवीन टायर आहेत, बसतील. तिसऱ्या दिवशी रविवार, सकाळी थंड गाडीत घरचं गेज लावलं. तीन टायर ३४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि पुढचा डावा ४५. पंचेचाळीस! म्हणजे टायर रिमवर टक् करून बसवायला जास्त हवा मारली होती ती पोरानं उतरवलीच नव्हती, तीन उतरवले आणि चौथ्याच्या वेळी बहुतेक चहा आला. मी चारही ३४ केले, गाडी बाहेर काढली, तावडे हॉटेलच्या पुढं हायवेला लागलो आणि पाच-सात मिनिटांत तो पिवळा दिवा पेटला, घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आणि मधे उद्गारचिन्ह. पुढचा डावा टायर चेक करा म्हणे.

परत गेज लावलं, ३४. दुसऱ्या दिवशी ३४. साबणाचं पाणी मारलं, वॉलला थुंकी लावून बघितलं, बुडबुडा नाही. दोन पंक्चरवाल्यांनी टायर टाकीत बुडवून बघितला. एकजण म्हणाला सेन्सर गेलाय, साडेतीन हजार लागतील. दुसरा म्हणाला दिव्यावर काळी टेप लावा, सगळे तेच करतात. मी क्वालिटीतला माणूस, इंडिकेटरवर टेप लावायची म्हणजे आमच्यात पाप आहे.

शेवटी कंपनीच्या गाड्यांचं काम बघणारे एक मामा आहेत, साठीला आलेले, त्यांनी गाडीच्या आत डोकंसुद्धा न घालता सांगितलं. "अवो, तुमच्या चाकात सेन्सर हाय कुठं? ती लाईट हवा मोजत न्हाई, ती चाकाचं फेरं मोजतीया."

आणि हेच खरं आहे. टायर प्रेशर सांगणाऱ्या सिस्टिम दोन जातीच्या असतात आणि शोरूममध्ये गाडी विकताना दोन्हींना टीपीएमएसच (टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम) म्हणतात. एक डायरेक्ट, ज्यात प्रत्येक रिमच्या आत वॉलला एक सेन्सर लावलेला असतो, तो खरोखर हवा मोजतो आणि रेडिओवरून गाडीला आकडा पाठवतो. दुसरी इनडायरेक्ट, तिच्यात चाकात काहीच नसतं, एबीएससाठी (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम) चाकाची गती मोजणारे सेन्सर असतातच, त्यांचाच उपयोग करतात. हवा कमी झाली की टायर थोडा बसतो, चाकाची फिरती त्रिज्या केसभर कमी होते, मग तेवढ्याच अंतराला ते चाक थोडं जास्त फिरतं. माझं नवीन चाक कागदावर किलोमीटरला साधारण ४७६ फेरे मारतं, हवा चांगलीच उतरली तर दोन-चार फेरे जास्त. एवढ्याशा फरकावरून बिचारा कॉम्प्युटर ओळखतो. नवीन गाड्यांत टायरची थरथरसुद्धा ऐकतात, पण मूळ धंदा तुलनेचा.

तुलना कशाशी? तर सेट बटण दाबलं तेव्हा जे होतं त्याच्याशी. पोरानं बटण दाबलं तेव्हा पुढचा डावा ४५ वर फुगलेला होता, पुढं दोन दिवस मी गाडी चालवत गेलो आणि सिस्टिम इमानदारीत शिकत गेली की बरं, हे चाक असंच असतं. मी त्याला ३४ वर आणल्यावर ते बाकीच्यांच्या मानानं लहान झालं आणि तिला वाटलं पाव हिस्सा हवा गेली. तिची चूकच नाही. आमच्याकडं मास्टर पीस (मापाचा नमुना) चुकीचा लावून गेज झिरो केलं की दिवसभर चांगला माल रिजेक्ट होतो, सेम टू सेम केस. आणि मेव्हण्याचा दिवा गप्प का, तर त्याची चारही चाकं सारख्याच मापानं मोठी आहेत, आपसात तुलना केली की सगळं बरोबर. सिस्टिमला तुमचे टायर केवढे आहेत याच्याशी घेणं नाही, एक दुसऱ्यापेक्षा वेगळा फिरतोय का एवढंच बघते. म्हणूनच चारही टायरची हवा हळूहळू सारखीच उतरत गेली, जी महिना-दीड महिना गेज न लावता सगळ्यांचीच उतरते, तर जुन्या प्रकारची इनडायरेक्ट सिस्टिम काही बोलत नाही.

मी काय केलं, रात्रभर गाडी उभी ठेवली, सकाळी थंड टायरला चारही ३४, मग सेट, मग हायवेला अर्धा तास नीट एका वेगात. दिवा गेला तो गेलाच, खर्च शून्य रुपये. दुकानात जाऊन सांगितलं, मालकानं पोराला माझ्यासमोर झापलं, जे मला आवडलं नाही, पण अलाइनमेंट परत फुकट करून दिली.

३४ का तर दाराच्या खांबावर स्टिकर आहे, १६ च्या टायरला ३३ आणि १७ च्या टायरला ३४. हा एक पीएसआय कुठनं आला याचा मी शोध लावला. २१५/६० आर १६ चा लोड इंडेक्स ९५, म्हणजे एका टायरला ६९० किलो. २१५/५५ आर १७ चा ९४, म्हणजे ६७० किलो. रिम मोठा झाला की टायरची भिंत बुटकी होते, आत हवेला जागा कमी, तेवढंच ओझं पेलायला दाब किंचित जास्त लागतो. त्यामुळं मोठे रिम घालून जुनाच आकडा ठेवणारे आणि पंपावर गेल्यावर डोळे झाकून "पस्तीस टाक" म्हणणारे, दोघांनी एकदा तो स्टिकर वाचावा. आपल्याकडं पस्तीस हा आकडा कुणी ठरवला देव जाणे, अल्टोला पस्तीस, स्कॉर्पिओला पस्तीस.

आता ज्यांच्या गाडीत डायरेक्टवाली सिस्टिम आहे त्यांचा किस्सा वेगळाच. आमच्या डिस्पॅचमधल्या मित्राच्या गाडीला रिमच्या आत सेन्सर होते. त्यानं दुसऱ्या एका दुकानात अलॉय बदलले, तिथं कुणालाच माहीत नव्हतं, जुने रिम सेन्सरसकट एका सांगलीच्या पार्टीला विकून मोकळे. याची गाडी चालू केली की दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग कायमचा पेटतो. लुकलुकून पेटला म्हणजे हवा कमी नाही, सेन्सरच सापडत नाही असा अर्थ. सापडणार कुठनं, सेन्सर एमएच १० मध्ये फिरतायत! नवीन सेन्सर घेताना त्याला अजून एक धडा मिळाला, स्वस्त म्हणून मागवले ते ३१५ मेगाहर्ट्झचे निघाले, ते अमेरिकेतल्या गाड्यांचे, त्याच्या गाडीला युरोपसारखे ४३३ चे लागत होते. परत पाठवा, परत मागवा, मग मशीन लावून प्रत्येक सेन्सरचा नंबर गाडीला शिकवा. त्यामुळं रिम बदलायच्या आधी विचारून घ्या, चाकात सेन्सर आहे का? असेल तर जुने काढून नव्या रिमला लावता येतात, फक्त वॉलचं रबर, नट आणि आतली पिन नवीन टाकायची. पण सेन्सरची बॅटरी आत सील केलेली असते, पाच ते दहा वर्षं चालते, गाडी सहा-सात वर्षांची असेल तर जुने हलवण्यात अर्थ नाही, सहा महिन्यांनी परत टायर उतरवायला लागणार. आणि बाहेरच्या अलॉयचा आतला आकार कंपनीच्या रिमसारखा असेलच असं नाही, सेन्सर कुठं टेकत नाही ना ते टायर चढवायच्या आधी बघायचं. टायर उतरवताना मशीनचं ते फावडं वॉलच्या जवळ घातलं की सेन्सरचे दोन तुकडे, हे पोराला आधीच सांगायचं, नंतर सांगून फक्त भांडण होतं.

मला मात्र त्या दिव्याच्या प्रकरणानंतर आकडा बघायची सवय लागली. नुसता दिवा पुरेना, म्हणून ती किट मागवली, तीन हजाराच्या आत. बसवायला दहा मिनिटं, टोपण काढून सेन्सर फिरवायचा, खाली एक बारीक नट असतो तो पान्यानं आवळायचा म्हणजे कुणी हातानं काढून नेणार नाही. डबीच्या पाठीवर सोलर पट्टी, काचेजवळ ठेवली की आपली आपण चार्ज.

पहिल्या दिवशी कंपनीतलं कॅलिब्रेट केलेलं गेज साहेबांना विचारून पार्किंगमध्ये आणलं. मास्टर गेजवर चारही ३४. किट दाखवत होती ३३, ३४, ३३ आणि मागचा उजवा ३२. माझं घरचं पेनवालं गेज ३४. आणि संध्याकाळी ज्या पंपावर मी इतकी वर्षं हवा भरतोय त्याचं मशीन, ३७! म्हणजे मी तिथं पस्तीस भरून घरी यायचो तेव्हा टायरमध्ये बत्तीस असायचे. किटचा एक-दोनचा फरक मला चालतो कारण तो रोज तेवढाच असतो, कुठला सेन्सर किती खोटं बोलतो ते पाठ झालं की झालं.

किटमुळं कळलेल्या गोष्टी मजेशीर आहेत. कंपनीत गाडी उघड्यावर असते, दुपारी उन्हाच्या बाजूचे दोन टायर सावलीतल्यांपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात. तापमान पाच-सहा अंश वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो, त्यामुळं जानेवारीत सकाळी सातला ३४ भरलेला टायर एप्रिलच्या दुपारी बघून घाबरायचं नाही आणि गरम टायरची हवा तर अजिबात काढायची नाही. रत्नागिरीला जाताना मलकापूरला चहाला थांबलो तेव्हा चारही ३८ च्या आसपास, हिनं विचारलं फुटणार का? नाही फुटणार. आंबा घाट उतरताना डबीवर टेंपरेचर पण दिसतं पण त्याच्यावर माझा विश्वास नाही, सेन्सर बाहेर वाऱ्यात लटकतोय, तो टायरच्या आतलं काय सांगणार? घाटातल्या पावसात तर एका टायरचं टेंपरेचर बाहेरच्या हवेएवढंच दाखवत होता.

आता किटचे पैसे कधी वसूल झाले ते. जूनमध्ये शिरोली एमआयडीसीत एका व्हेंडरकडं गेलो होतो, परत येताना डबी कोकलायला लागली, मागचा डावा २९. मी किटचा लो अलार्म मुद्दाम २९ ला ठेवलाय, अमेरिकेच्या नियमात दिवा २५ टक्के हवा गेल्यावर पेटतो, म्हणजे माझ्या हिशोबानं पंचवीस-साडेपंचवीसला, बुटक्या टायरला ते फार उशिरा वाटतं. बघतोय तर आकडा माझ्या डोळ्यासमोर उतरतोय, २९, २८, २८, २७. गाडी हळू केली, पुढं पंक्चरवाला गाठला तोवर २४. गाडीच्या स्वतःच्या दिव्याला अजून पत्ता नव्हता. टायरमध्ये पत्रा ठोकायचा स्क्रू, वॉशरसकट. मशरूम (भोकात आतून बसवायचा रबरी तुकडा) लावून काम झालं. पूर्वीच्या ६० च्या टायरवर कमी हवेत दोन किलोमीटर गेलो असतो तरी कदाचित निभावलं असतं, या ५५ च्या भिंतीत रिम आणि रस्त्याच्या मधे मटेरियलच कमी, बसलेल्या टायरवर चालवलं की भिंत आतून चुरा होते आणि नवा टायर आठ-नऊ हजाराचा. तिथला पोरगा टायरमध्ये पंक्चर बुजवायचं जेल टाकायला निघाला होता, मी नको म्हटलं. माझा सेन्सर बाहेर आहे म्हणून फरक पडला नसता असं नाही, जेल वॉलमध्ये अडकलं की आकडा गोठतो, आणि आत सेन्सर असलेल्यांनी तर लांबच राहावं.

तक्रार पण आहे, मोठी आहे. किट बसवून चार महिने झाले आणि पुढचा उजवा रोज एक पीएसआय खायला लागला. सेन्सर काढून साधं टोपण लावलं की हवा थांबते, सेन्सर लावला की जाते. का, तर हा सेन्सर वॉलची पिन कायम दाबून ठेवतो, तशीच तर तो हवा मोजतो, म्हणजे हवा अडवायचं काम आता वॉल करत नाही, सेन्सरमधली एक रबराची रिंग करते, कोथिंबिरीच्या काडीएवढी. ती चपटी झाली होती. थुंकी लावल्यावर एवढासा बुडबुडा, सेकंदाला एक. जी वस्तू हवा सांभाळायला घेतली तीच हवा खातीय, काय बोलायचं मर्दा! कंपनीला मेल केला, उत्तर आलं की कृपया सेन्सर घट्ट बसवा. शेवटी उद्यमनगरातच हायड्रॉलिकच्या सामानाच्या दुकानात त्या मापाची रिंग मिळाली, चार घेतल्या, वीस रुपये, दुकानदार पैसे घ्यायला लाजत होता. तेव्हापासून गळती नाही. दुसरं, सेन्सरचं वजन रबरी वॉलच्या टोकाला लटकतं आणि चाक फिरताना त्याला झोका बसतो, त्यामुळं अलॉय नवीन घेतानाच धातूचे वॉल बसवून घ्या, मी नंतर बसवले आणि टायर उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा भरली. तिसरं, पावसाळ्यात सेन्सर वॉलवर गंजून धरतो, महिन्यातून एकदा काढून पुसून परत लावायचा, नाहीतर पक्कड लागते. बॅटरी सीआर १६३२, घड्याळाच्या दुकानात मिळते, पण महाद्वार रोडला मला दुसऱ्याच नंबरची गळ्यात मारली होती, नंबर वाचून घ्या.

मधे ऑफिसात कुणीतरी म्हटलं की एवढं करण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी गेज लावावं. बरोबर आहे, लावावंच, मी अजून लावतो. पण तो स्क्रू पंधरवड्याचं वेळापत्रक बघून घुसला नव्हता. आपल्याकडं २०२० मध्ये नियम बदलला, ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट गाडीत असेल तर छोट्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते, आता बऱ्याच गाड्या तशाच येतात. स्टेपनी नसलेल्या माणसानं तर दिव्यावर टेप लावायचा विचारसुद्धा करू नये.

मार्क द्यायचे तर दुकानाला पाचपैकी चार, एक मार्क त्या ४५ पीएसआयचा कापला. रिम, रिंगा, टॉर्क, बॅलन्सिंग याच्यात नाद करायचा नाही. गर्दी शनिवारी असते, मंगळवार-बुधवार सकाळी जा, आणि बाहेर काढायच्या आधी चारही टायरला स्वतः गेज लावा, त्यांना राग येत नाही, मी विचारलंय. किटला तीन. रबराची रिंग धड दिली असती तर साडेचार दिले असते. कायमची सोय करायची आणि बजेट असेल तर टायर चढवतानाच आत बसणारे सेन्सर घ्या, चोरीची भीती नाही, वॉलवर लोंबकळणं नाही, आकडाही जास्त खरा, फक्त बॅटरी संपली की टायर उतरवणं आलं.

परवा टायर रोटेशनला गेलो होतो, पुढचे मागं, मागचे पुढं. तोच पोरगा. यावेळी त्यानं स्वतः गेज आणलं, चारही टायर माझ्यासमोर ३४ केले, मला आकडे मोठ्यानं वाचून दाखवले आणि मगच आत बसून सेट बटण दाबलं. मी खूश, वीस रुपये वर दिले. घरी येऊन डबी बघताना लक्षात आलं, मागचा उजवा सेन्सर, जो नेहमी दोननं कमी दाखवतो, तो आता पुढचा उजवा झालाय. चाकं हलवली पण टोपणं त्यांच्याबरोबर तशीच गेली, डबीला काय माहीत. चौघांची अदलाबदल करायला पाना शोधतोय, बहुतेक हिनं ट्रॉलीत टाकलाय. हो, ट्रॉल्या पण झाल्या.